ग्लुटेनशिवाय वॅफल: पीठ मुरू द्या, झाकण उघडू नका

घरात कोणाचा गहू बंद झाला की पोळीचा प्रश्न भाकरी सोडवते. अडतं ते ब्रेड, केक आणि बिस्किटांपाशी. ग्लुटेनशिवायचा, म्हणजे गव्हातल्या चिवट प्रोटीनशिवायचा, ब्रेड पहिल्याच खेपेला जमला असं सहसा होत नाही. एक तर त्याची वीट होते, नाही तर तो मधोमध खचतो. म्हणून सुरुवात वॅफलपासून करावी. ब्रेडमध्ये ग्लुटेनची जाळी हवेचे बुडबुडे धरून ठेवते आणि तीच त्याला उभं ठेवते. वॅफलला स्वतःच्या बळावर उभं राहायचंच नसतं. वरून-खालून दोन तापलेल्या पाट्यांनी त्याला धरलेलं असतं, पाच-सहा मिनिटांत अंडं आणि पिठातला स्टार्च घट्ट होतो आणि काम होतं. मैद्याच्या वॅफलमध्ये तर ग्लुटेनची अडचणच होते. बॅटर जास्त फेटलं की वॅफल चिवट होतो, म्हणून त्या कृतीत ‘गुठळ्या राहिल्या तरी चालतील, पण फेटू नका’ अशी तंबी असते. आपण मनसोक्त फेटू शकतो.

आपलं बिघडतं ते दोन ठिकाणी. पीठ पाणी पिण्याआधीच साच्यात जातं, आणि झाकण वेळेआधी उघडलं जातं. बाकीच्या चुका त्यामानाने किरकोळ.

गहू कुठे कुठे दडलेला असतो

ग्लुटेन गव्हात, जवात आणि राय या धान्यात असतं. त्यामुळे मैदा, रवा, लापशी, शेवया हे सगळं बाद. खपली गहू पचायला हलका म्हणून कितीही नावाजलेला असला तरी तो गहूच आहे, त्यात ग्लुटेन आहे. सातूच्या पिठात गहू किंवा जव असतात. थालीपिठाच्या भाजणीत बहुतेक घरांत मूठभर गहू पडतोच. पाकिटावर मोठ्या अक्षरांत ‘नाचणी’ किंवा ‘मल्टिग्रेन’ लिहिलेलं असलं तरी मागच्या बारीक अक्षरांत मैदा किंवा गव्हाचं पीठ निघतं. तिखट वॅफल करणार असाल तर हिंगाची डबी उलटून वाचा. बाजारातलं हिंग खळीत मिसळलेलं असतं आणि ती खळ अनेकदा मैद्याची असते. बेकिंग पावडरमध्ये बहुधा मक्याचा स्टार्च असतो, पण तिचंही लेबल बघून घ्यावं. ओट्समध्ये मुळात गव्हातलं ग्लुटेन नसतं, मात्र शेतापासून कारखान्यापर्यंत त्यांची गव्हाशी सरमिसळ होत राहते. ‘ग्लुटेन-फ्री’ छापलेले ओट्स नसतील तर नकोच.

आता गिरणी. ‘ज्वारीवर ज्वारी दळून द्या’ असं सांगून आणलेलं दळण भाकरीच्या चवीसाठी ठीक असतं. सिलिअ‍ॅक आजार, म्हणजे ग्लुटेनने आतड्याला इजा होण्याचा आजार, असलेल्या माणसासाठी तेवढं पुरत नाही. जात्याच्या खाचांत, डब्यात, कापडी नळीत आधीच्या गव्हाचं पीठ अडकलेलं असतं. भारतात एखाद्या पदार्थावर ‘ग्लुटेन-फ्री’ छापायचं तर त्यात किलोमागे २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लुटेन चालत नाही, असा एफएसएसएआय या सरकारी अन्नसुरक्षा संस्थेचा नियम आहे. २० मिलिग्रॅम म्हणजे किती कमी, याचा विचार केला की गिरणीतल्या पिठाचा भरवसा का धरता येत नाही ते कळतं. अशा घरात ‘ग्लुटेन-फ्री’ छापलेलं बंद पाकीट आणावं, किंवा गहू कधीच न घातलेल्या घरघंटीत दळावं. डॉक्टरांनी अजून तपासणी केलेली नसताना नुसत्या शंकेवरून गहू सोडला असेल, तर आधी तपासणी करून घ्या. गहू बंद केल्यावर केलेली सिलिअ‍ॅकची रक्ततपासणी खोटी ‘नॉर्मल’ येऊ शकते.

भांड्यांमध्ये सगळ्यात घातक असते चाळणी. तिच्या जाळीतली कणीक कितीही घासली तरी पुरती निघत नाही, म्हणून ग्लुटेनशिवायच्या पिठांसाठी वेगळी चाळणी ठेवा. लाकडी चमचे आणि जुना वॅफल मेकर यांचंही तेच. ज्या मेकरमध्ये मैद्याचे वॅफल झालेत त्याच्या बिजागरीत आणि खाचांत चुरा असतो. केवळ आवड म्हणून किंवा हलकं वाटतं म्हणून गहू टाळणाऱ्यांनी एवढं मनावर घ्यायचं कारण नाही.

पिठांचं गणित

एकाच पिठाचा वॅफल करायचा मोह टाळा. नुसत्या तांदळाच्या पिठीचा वॅफल गरम असताना कुरकुरीत लागतो आणि गार झाला की दगड होतो. नुसत्या ज्वारीचा भुसभुशीत होतो, उचलला की तुकडे पडतात. नुसता स्टार्च घातला तर आत चिकट गोळा उरतो. तिन्ही मिळून मात्र काम नीट होतं: तांदूळ कुरकुरीतपणा देतो, ज्वारी चव आणि अंग देते, स्टार्च वरचा पापुद्रा पातळ ठेवतो.

मोदकाला वापरतात तशी मऊसूत तांदळाची पिठी घ्या. चिमूटभर अंगठा आणि बोटामध्ये चोळून बघा. टाल्कम पावडरसारखी लागली तर उत्तम, बारीक वाळूसारखी लागली तर वॅफलही दाताखाली तसाच कचकचेल. ज्वारीचं पीठ ताजं हवं. जुनं झालं की त्याला कडसर चव येते, आणि भाकरीत लपते तशी ती वॅफलमध्ये लपत नाही, कारण इथे जोडीला गोड असतं. बाजरीचं पीठ तर त्याहून लवकर कडू होतं. ते दोन-तीन दिवसांतलं असेल तरच वापरा.

स्टार्च म्हणजे टॅपिओका स्टार्च किंवा कॉर्नफ्लोअर. भारतात कॉर्नफ्लोअर म्हणून जी पांढरीशुभ्र, बोटात करकरणारी पूड मिळते तीच हवी. पिवळं मक्याचं पीठ वेगळं. अमेरिकेत राहणाऱ्यांनी दुकानात ‘कॉर्न स्टार्च’ मागावं, तिथे कॉर्न फ्लोअर म्हणजे मक्याचं पीठ. ज्वारी तिकडे ‘सॉर्गम’ या नावाने मिळते. तांदळाची पिठी आशियाई दुकानातली घ्यावी, सुपरमार्केटमधली बहुधा जाडसर असते.

साबुदाणा टॅपिओकाचाच, मग तोच मिक्सरला फिरवला तर? चालतो, पण तो स्टार्चची सरळ जागा घेत नाही. साबुदाणा तयार होतानाच त्याला उष्णता लागलेली असते आणि त्यातला काही स्टार्च आधीच शिजलेला असतो. त्यामुळे त्याची पूड गार पाण्यातही फुगते आणि बॅटर दाट करते. ५० ग्रॅम स्टार्चऐवजी ३० ग्रॅम साबुदाणा पूड आणि २० ग्रॅम जास्तीची तांदळाची पिठी असं प्रमाण धरा, आणि ती बारीक जाळीच्या चाळणीतून गाळून घ्या.

ज्वारीच्या ८० ग्रॅमपैकी निम्म्या म्हणजे ४० ग्रॅमपर्यंत दुसरं पीठ घालता येतं. मक्याचं पीठ घातलं तर कुरकुर वाढते. राजगिऱ्याने रंग लवकर येतो, पण त्याचा वास उग्र असतो, म्हणून ४० ग्रॅमच्या वर जाऊच नका. नाचणीची एक गोम आहे: बॅटर मुळातच चॉकलेटी दिसतं, त्यामुळे वॅफल भाजला की नाही हे रंगावरून कळत नाही. पहिल्या दोन-तीन खेपांना नाचणी नको.

मेकर

विजेचा मेकर साधारण ७०० ते १००० वॉटचा असतो. खोल खणांचा, ज्याला दुकानदार बेल्जियन म्हणतात तो, की पातळ खणांचा, हा आवडीचा भाग. नवशिक्यांना पातळ खणांचा सोपा जातो, कारण आतून कच्चं राहण्याची भीती कमी. खोल खणांत बाहेर कुरकुरीत, आत मऊ असा फरक चांगला येतो. खालची कृती खोल खणांसाठी आहे. पातळ खणांत वेळ दीड-दोन मिनिटांनी कमी धरा. पाट्या काढून धुता येत असतील तर थोडे पैसे जास्त मोजायला हरकत नाही. नातेवाईक अमेरिकेतून मेकर आणणार असतील तर त्यांना थांबवा. तिकडचा मेकर १२० व्होल्टचा असतो, इथे २३० व्होल्टला लावला की जळतो.

गॅसवर ठेवायचा, दांड्याचा साचाही मिळतो. तो दोन्ही बाजूंनी तापवावा लागतो आणि दर दोन मिनिटांनी उलटावा लागतो. आच मंद ते मध्यम. स्वस्त पडतो, पण पहिले दोन-तीन वॅफल अंदाज घेण्यातच जातात.

साहित्य, साधारण सहा वॅफलसाठी

तांदळाची पिठी १२० ग्रॅम
ज्वारीचं पीठ ८० ग्रॅम
टॅपिओका स्टार्च किंवा कॉर्नफ्लोअर ५० ग्रॅम
साखर २५ ग्रॅम, म्हणजे २ मोठे चमचे
मीठ अर्धा छोटा चमचा
अंडी २
ताक ३५० मिलिलिटर
तेल ७५ मिलिलिटर, किंवा वितळवलेलं लोणी ८० ग्रॅम
इसबगोल १ छोटा चमचा
बेकिंग पावडर २ छोटे चमचे
खायचा सोडा पाव छोटा चमचा
वेलची पूड किंवा व्हॅनिला

वजनकाटा असेल तर वापराच. वाटीने मोजलेली ज्वारी दाबून भरली की सैल भरली यावरच वीस ग्रॅमचा फरक पडतो. काटा नसेल तर २५० मिलिलिटरच्या कपाने पाऊण कप पिठी, पाऊण कपाला किंचित कमी ज्वारीचं पीठ आणि सहा मोठे चमचे स्टार्च, असा अंदाज धरा.

ताक पाणचट नको, फार आंबटही नको. २०० ग्रॅम दही आणि १५० मिलिलिटर पाणी घुसळलं की बरोबर होतं. तेलात हात आखडू नका. गव्हाशिवायच्या वॅफलमध्ये कमी तेल घातलं की दोन गोष्टी होतात: साच्याला चिकटतो आणि गार झाल्यावर चामड्यासारखा लागतो. तेलाने कुरकुरीत होतो, लोण्याने चव येते. निम्मं-निम्मंही घालता येतं.

परदेशी कृतींमध्ये बॅटर बांधून धरायला झँथन गम नावाची पूड असते. तिचं काम इथे इसबगोल करतो. कोणत्याही औषधाच्या दुकानात मिळतो तो साधा घ्या, संत्र्याच्या चवीचा नको.

बॅटर

तिन्ही पिठं, मीठ आणि इसबगोल मोठ्या पातेल्यात एकत्र चाळून घ्या. इसबगोल चाळणीत अडकेल, तो वरून टाका. कोरडेपणीच नीट मिसळा, नाहीतर ओलं लागताच त्याचे बुळबुळीत गोळे होतात. दुसऱ्या भांड्यात अंडी आणि साखर फेटा, त्यात ताक, तेल, वेलची घाला. हे पिठात ओता आणि रवीने किंवा विस्कने मिनिटभर चांगलं फेटा. गुठळी राहू देऊ नका. बेकिंग पावडर आणि सोडा अजून घालायचा नाही.

आता झाकून अर्धा तास ठेवा. ही पायरी गाळलीत तर पुढचं वाचण्यात अर्थ नाही. तांदूळ आणि ज्वारीचे कण गव्हाच्या पिठासारखे पटकन पाणी ओढत नाहीत. लगेच साच्यात घातलं तर बाहेरचं पाणी वाफ होऊन निघून जातं, कण आतून कोरडेच राहतात आणि वॅफल रवाळ लागतो. अर्ध्या तासाने पळी फिरवून बघा: आधी धिरड्याच्या पिठासारखं सरसरीत होतं ते आता इडलीच्या पिठासारखं दिसेल. पळी उचलली की जाड धारेने पडलं पाहिजे आणि पडलेली धार दोन-तीन सेकंद वर दिसून मग विरली पाहिजे. गोळा पडत असेल तर एकेक चमचा पाणी घाला. पाण्यासारखं वाहत असेल तर चमचाभर पिठी घालून आणखी दहा मिनिटं थांबा. नव्या तांदळाची पिठी, जुन्या तांदळाची पिठी, प्रत्येकीची तहान वेगळी. म्हणून कृतीतल्या मिलिलिटरपेक्षा या धारेवर जास्त विश्वास ठेवा.

मेकर तापायला लावा आणि मगच बेकिंग पावडर आणि सोडा वरून चाळून, वीसेक वेळा पळी फिरवून मिसळा. ताकातल्या आंबटपणाशी सोड्याची गाठ पडताच बुडबुडे सुटायला लागतात, म्हणून यानंतर रेंगाळायचं नाही. वीस-पंचवीस मिनिटांत सगळे वॅफल झाले पाहिजेत. सोडा पाव चमच्याच्या वर नको. जास्त झाला तर साबणासारखी चव येते. बेकिंग पावडर जुनी असेल तर चमचाभर गरम पाण्यात टाकून बघा, फसफसली नाही तर फेकून द्या.

भाजणं

मेकरचा दिवा ‘तयार’ दाखवू लागला तरी आणखी तीन मिनिटं थांबा. दिवा पाटीच्या एका जागेची उष्णता सांगतो, सगळ्या पाटीची नाही. दोन्ही पाट्यांना ब्रशने तेल लावा, खणांच्या कोपऱ्यांतसुद्धा. डब्यातून फवारायचा नॉन-स्टिक स्प्रे वापरू नका. त्यातलं लेसिथिन पाटीवर चिकट, पिवळट थर धरतं आणि महिन्याभरात नव्या मेकरलाही वॅफल चिकटायला लागतात.

मधोमध डावभर, म्हणजे सव्वाशे मिलिलिटरच्या आसपास बॅटर घाला आणि डावाच्या पाठीने कडेच्या दोन बोटं अलीकडेपर्यंत सारा. उरलेली जागा झाकण दाबलं गेल्यावर आपोआप भरते. बॅटर पडताच चर्र आवाज आला पाहिजे. आवाज नसेल तर साचा तापलेला नाही. झाकण लावा आणि हात मागे घ्या. वरून दाबायचं नाही, दाबलं की आतली हवा निघते आणि वॅफल चपटा, घट्ट होतो.

आता घड्याळाकडे नाही, वाफेकडे बघायचं. पहिल्या मिनिटाला कडेने भसाभस वाफ निघते. दोन-तीन मिनिटांनी ती बारीक होते. चौथ्या-पाचव्या मिनिटाला ती जवळजवळ थांबते आणि भाजक्या भाकरीसारखा खमंग वास सुटतो. इथून आणखी अर्धं मिनिट. मग झाकण अलगद, कणभर उचलून बघा. सहज उचललं गेलं तर वॅफल झाला. ओढ लागली, वर चिकटल्यासारखं वाटलं, तर लगेच खाली टेकवा आणि एक मिनिट द्या. नेट लावून उघडलंत तर वॅफलचे दोन थर होतात, अर्धा वरच्या पाटीला आणि अर्धा खालच्या. ग्लुटेन नसल्यामुळे त्याला ताण सोसत नाही. भाजून घट्ट होईपर्यंत तो नुसता गरम लगदाच असतो. मैद्याचा वॅफल चार मिनिटांत होत असेल तर याला पाच ते सहा द्यावी लागतात. मेकरचा दिवा मैद्याच्या हिशोबाने लावलेला असतो, तो विझला म्हणून घाई करू नका.

काढायला लाकडी किंवा सिलिकॉनचा उलथना घ्या. सुरी, काटा, स्टीलचा उलथना नको, पाटीचा लेप जातो. वॅफल ताटात ठेवू नका. खालची वाफ ताटाला आपटून परत वॅफलमध्ये शिरते आणि कुरकुरीत बाजू दोन मिनिटांत लिबलिबीत होते. जाळीवर ठेवा. जाळी नसेल तर दोन वाट्यांवर आडवा टेकवा, पण खाली हवा खेळती हवी. आणि एकावर एक रचायचे नाहीत. सगळे एकदम वाढायचे असतील तर १०० अंश सेल्सिअसवर तापलेल्या ओव्हनच्या जाळीवर ठेवत जा.

पहिला वॅफल घरातल्याच कोणाच्या तरी पोटात जातो. पहिल्या घावनासारखंच ते. त्यावरून बॅटरचा दाटपणा आणि वेळ ठरवायचा.

अंडं चालत नसेल तर उकड काढा

अंड्याचं काम बॅटरला बांधून धरण्याचं. ते काढलं आणि नुसतं पाणी वाढवलं तर वॅफल फाटतोच. इथे आपल्या स्वयंपाकघरातली जुनी युक्ती कामाला येते. ज्वारीच्या पिठात ग्लुटेन नसूनही गरम पाण्याने भिजवलेल्या पिठाची भाकरी थापता येते, तांदळाची उकड काढली की मोदकाची पारी वळते. उष्णतेने स्टार्च फुगून चिकट होतो, आणि तीच आपली खळ.

वरच्या १२० ग्रॅम पिठीतली ३० ग्रॅम पिठी ३५० मिलिलिटरपैकी १५० मिलिलिटर ताकात कालवा. गुठळी मोडून मगच मंद आचेवर ठेवा आणि सतत ढवळा, हात थांबला की ताक फाटतं. दोन-तीन मिनिटांत ते एकदम दाटतं. ढवळताना भांड्याचा तळ दिसून पुन्हा झाकला जाऊ लागला की उतरवा. पूर्ण कोमट होऊ द्या, मग उरलेल्या ताकात घालून मिक्सरला एकदा फिरवा, कारण हाताने त्याच्या गाठी मोडत नाहीत. उरलेल्या पिठीपैकी ३० ग्रॅम काढून त्याजागी बेसन घाला, म्हणजे घट्ट होण्यासाठी थोडं प्रोटीन मिळतं आणि रंगही येतो. २ मोठे चमचे दूध पावडर, अंड्यातल्या ओलाव्याच्या बदल्यात ७५ मिलिलिटर पाणी, आणि बेकिंग पावडर अडीच चमचे. इसबगोल, तेल, सोडा तसंच. मुरवणं तेच अर्धा तास. भाजायला सहा-सात मिनिटं लागतात. अंड्याच्या वॅफलएवढा तो फुलत नाही, पण जास्त खुसखुशीत होतो. कच्चं बेसन वासावरून लगेच कळतं, त्यामुळे वाफ थांबल्यावर याला पूर्ण एक मिनिट द्या.

उकड जास्त दाट किंवा जास्त प्रमाणात झाली तर वॅफल आतून गिचका होतो. ३० ग्रॅमच्या वर जाऊ नका.

बिघडला तर

रवाळ लागला: पीठ जाड, किंवा मुरवलं नाही.

आत चिकट, बाहेर लाल: साचा जरुरीपेक्षा जास्त तापलेला, किंवा स्टार्च जास्त पडला. तापमान कमी करून वेळ वाढवा. बाहेरही फिका असेल तर साचाच गार होता. लागोपाठ दोन वॅफल काढल्यावर पाटी निवते, म्हणून मध्ये दर वेळी मिनिटभर रिकामा मेकर झाकून तापू द्या.

रंगच येत नाही: साखर आणि दुधाचा अंश कमी. ताकाऐवजी पाण्याने केलेले वॅफल पांढरेफटक राहतात. यावर उपाय म्हणून गूळ घालावासा वाटतो, पण बॅटरमध्ये गूळ घातला की तो खणांत वितळून जळतो आणि चिकटतो. गुळाची चव हवी तर वरून काकवी घ्या.

फुगला नाही: बेकिंग पावडर जुनी, किंवा घातल्यावर बॅटर तासभर पडून राहिलं.

चिकटला: तेल कमी, साखर जास्त, झाकण लवकर उघडलं, किंवा आधीच्या वॅफलचा जळका कण पाटीवर राहिला. मेकर कोमट असताना ओल्या फडक्याने पुसा. पाण्याखाली धरायचा नाही, तारेच्या घासणीने तर नाहीच.

तिखट वॅफल आणि वरचं गोड

घरात आंबवलेलं इडलीचं किंवा आंबोळीचं पीठ असेल तर अर्धं काम झालेलंच आहे. तांदूळ आणि उडीद, दोन्हीत ग्लुटेन नाही आणि आंबवताना मिळालेली हवा फुकटची. दोन कप दाट पिठात २ मोठे चमचे तेल आणि २ मोठे चमचे कॉर्नफ्लोअर मिसळा, हवं तर बारीक चिरलेला कांदा, मिरची, कोथिंबीर. मीठ आधीच असेल तर पुन्हा घालू नका. यात साखर नसल्याने रंग उशिरा येतो, सात मिनिटं तरी धरा. पीठ डोशासारखं पातळ असेल तर वॅफल ओला राहतो. ओल्या खोबऱ्याच्या चटणीबरोबर हा गोड वॅफलपेक्षाही चांगला लागतो, असं प्रामाणिकपणे सांगायला हरकत नाही.

गोड वॅफलवर लोणी आणि मध, काकवी, उन्हाळ्यात आमरस, किंवा गार श्रीखंडाचा गोळा. बाजारातलं चॉकलेट सिरप किंवा चॉकलेटी दुधाची पावडर घालणार असाल तर ‘माल्ट’ हा शब्द शोधा. माल्ट बहुधा जवाचं असतं. आइस्क्रीममधले बिस्किटांचे तुकडे हाही तसाच चोरटा गहू.

एका जातीच्या वॅफलला मात्र सध्या हात लावू नका. बेल्जियममधल्या लिएज शहराच्या नावाने ओळखला जाणारा, जाड साखरेचे खडे असलेला वॅफल बॅटरचा नसतो. तो यीस्ट घालून मळलेल्या गोळ्याचा असतो, आणि गोळा म्हटला की ग्लुटेनची गरज परत आलीच.

उरलेले वॅफल

फ्रिजमध्ये ठेवू नका. शिजलेला तांदळाचा स्टार्च गारव्यात कडक होतो. फ्रिजमधला भात सकाळी दाणेदार होतो तसंच. फ्रीझरमध्ये मात्र ते नीट टिकतात. जाळीवर पूर्ण गार करा, ताटात एकेक सुटा मांडून तास-दोन तास गोठवा, मग मध्ये बटर पेपर घालून पिशवीत बंद करा. महिनाभर चव टिकते. खायच्या वेळी वितळवत बसू नका. गोठलेलाच टोस्टरमध्ये टाका, किंवा तव्यावर मंद आचेवर झाकण न ठेवता दोन्ही बाजूंनी तीन-तीन मिनिटं. मायक्रोवेव्हमध्ये तो रबरासारखा होतो. आणि ज्या टोस्टरमध्ये घरातले बाकीचे गव्हाचा ब्रेड भाजतात, त्याच्या तळाशी चुरा साचलेला असतो. सिलिअ‍ॅक असलेल्या माणसाचा वॅफल त्यात टाकायचा नाही, त्याच्यासाठी तवाच बरा, तोही वेगळा.